सड्यावरची दिपकाडी : ओळख आणि राखण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मृगाचा पाऊस लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातून एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात: काळा कातळ, त्यावर हिरवळीचा पट्टा आणि मधेच पांढऱ्या फुलांचा तुरा. खाली लिहिलेलं, "हीच का ती?" अर्ध्या वेळा ती दिपकाडी नसते. त्या फोटोंना आणि त्यामागून येणाऱ्या इतर प्रश्नांना एकदाच नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहिलं आहे. यात कुठल्याही गावाचं किंवा सड्याचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठाराचं, नाव पत्त्यासारखं दिलेलं नाही. कारण पुढे येईल.

दिपकाडी म्हणजे नेमकं कोणतं झाड?

जमिनीखाली कांदा असलेली, सड्यावरच्या पाणथळ जागेत पावसाळ्यापुरती वर येणारी एक नाजूक वनस्पती. शास्त्रीय नाव डिपकाडी कोंकनेन्स. कूळ शतावरीचं. निकोल डाल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८५० साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा वंशाचं नाव वेगळं होतं. बेकरने नंतर तिला आजच्या वंशात आणलं. नावातलं कोकण शोभेचं नाही. दक्षिण कोकणातले जांभ्याचे सडे आणि त्यांना लागून असलेला उत्तर गोवा, एवढंच तिचं जग, म्हणून ती दुर्मिळ.

वर्षातले सात-आठ महिने ती कांद्याच्या रूपात जमिनीखाली झोपलेली असते. एप्रिलमध्ये त्याच जागेवरून चाललात तर पायाखाली तापलेल्या कातळाशिवाय काही दिसणार नाही. तिचे बहुतेक हाल या एका गोष्टीमुळे होतात.

पाणथळ जागेतलं फूल म्हणता, पण ही तर कातळावर उगवते!

पाणथळ म्हटलं की डोळ्यांसमोर तळं येतं. सड्यावरचं पाणथळ तसं नसतं. जांभ्याचा पृष्ठभाग सपाट दिसला तरी त्यात उथळ खळगे, भेगा, किंचित उतार असतात. त्यांत बोटभर, कुठे वीतभर माती साठलेली असते. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला बराचसा या पातळ मातीवरून सरकत राहतो, काही खळग्यांत थांबतो, काही जांभ्याच्या छिद्रांतून खाली मुरतो. जून ते सप्टेंबर ही माती निथळतच नाही. ऑक्टोबरच्या उन्हात तीच भाजून कडक होते.

या चार महिन्यांच्या ओलाव्यावर जगणारी एक वेगळीच वस्ती सड्यावर आहे. पाणी साचलेल्या खळग्यांत गेंदाची पांढरी बटणं, ओल्या वाळूत सीतेची आसवं आणि चिकट थेंब लेवून बसलेला दवबिंदू. शेवटच्या दोघी मांसाहारी, कारण या मातीत नत्र जवळपास नसतंच. दिपकाडी यांच्या शेजारची, पण डबक्यात उभी राहणारी नाही. ती डबक्याच्या कडेला, गवताच्या पातळ थरात, पाणी सरकत जातं पण तुंबत नाही अशा जागी असते. शोधायचं असेल तर पाण्याची कड बघा, पाण्याचा मध्य नको.

कधी बघायला मिळते?

मृगात पानं वर येतात, आर्द्रात आणि तरण्या पावसात फुलं. इंग्रजी महिन्यांत सांगायचं तर जून-जुलै. पाऊस उशिरा आला तर सगळंच पुढे सरकतं. श्रावणात जाऊन "काहीच नाही" म्हणून परतणारे बरेच असतात. तोवर तिचं काम आटोपलेलं असतं.

फूल कसं ओळखायचं?

कांद्यातून एक सरळ दांडा वर येतो, वीतभरापासून हातभरापर्यंत. या दांड्याला पानं नसतात, ती सगळी बुडाशीच. दांड्याच्या वरच्या भागात फुलं एकाखाली एक सुटी लागतात आणि खालून वर उमलत जातात.

फूल पांढरं, लांबट नळीसारखं, मंद वासाचं. सहा पाकळ्या बुडाशी जोडून नळी झालेली असते. आता नीट बघा: बाहेरच्या तीन पाकळ्यांची टोकं बाहेर वळून मागे झुकतात, आतल्या तीन सरळ, एकमेकींना लागून उभ्या राहतात. ही तीन-तीनची मांडणी दिपकाडी वंशाची खूण आहे. फोटोत ती दिसली तर नव्वद टक्के काम झालं.

फूल गेल्यावर तीन धारांचं बोंड धरतं. ते वाळून तडकलं की आत चपट्या, काळ्या चकत्यांसारख्या बिया.

फूल नसताना पानांवरून ओळखता येईल?

खरं सांगायचं तर खात्रीने नाही. पानं अरुंद, लांब, पन्हळीसारखी किंचित खोलगट. सड्यावर अशी पानं असलेल्या निदान पाच-सहा वनस्पती एकाच वेळी उगवलेल्या असतात. पानांवरून छातीठोक नाव सांगणाऱ्यापासून सावध राहा. खात्रीसाठी कांदा उकरून बघणं हा तर मुळीच उपाय नव्हे. फुलाची वाट बघा. यंदा चुकली तर पुढच्या वर्षी त्याच जागी येते.

कशाकशाशी गल्लत होते?

सगळ्यात जास्त फोडशीशी, म्हणजे कुळीच्या भाजीशी. पहिल्या पावसात दोघी एकाच वेळी वर येतात आणि पानांत फरक करणं नवख्याला जमत नाही. फुलं आली की मात्र प्रश्न उरत नाही. फोडशीचं फूल उघड्या चांदणीसारखं, सहाही पाकळ्या मोकळ्या आणि पसरलेल्या, नळी नाही. जमिनीखाली कांदा नसून मुळांचा जुडगा असतो.

दुसरी गल्लत पॅनक्रेशियमशी. तेही कांद्याचं, पांढरं, पहिल्या पावसातलं, सड्यावरचंच. पण त्याच्या फुलाच्या मध्यभागी पातळ पांढरी वाटी असते आणि फुलं दांड्याच्या टोकावरच येतात, खाली ओळीने उतरत नाहीत. क्रायनमचंही तसंच: फुलं टोकाशी झुबक्याने, आकाराने कितीतरी मोठी आणि पानं रुंद पट्ट्यांसारखी.

हबेनारिया वंशाच्या जमिनीवरच्या आमरींचे (ऑर्किडचे) फोटोही येतात. आमरीच्या फुलाला खालचा एक ओठ आणि मागे शेपटीसारखी नळी असते. डावी-उजवी बाजू सारखी, पण वर-खाली नाही. दिपकाडीचं फूल कुठूनही बघा, तिन्ही अंगांनी सारखंच.

आणि कोळकांदा. त्याचा तुरा पावसाआधीच, सड्यावर हिरवं काही नसताना येतो आणि फुलं मळकट तपकिरी असतात. फुलात गल्लत होण्याचं कारण नाही, पण पावसाळ्यात पानं आणि कांदा बघून लोक हमखास फसतात.

अवघड प्रकरण आहे ते दिपकाडीच्या सख्ख्या बहिणींचं. डिपकाडी मॉन्टॅनम सह्याद्रीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी दिसते. तिची फुलं लहान आणि हिरवट-मळकट झाक असलेली. पाचगणीकडची डिपकाडी उर्सुली घाटमाथ्यावरची आहे, आपल्या सड्यांवर तिची अपेक्षा नको. गोव्यातून डिपकाडी गोएन्स ही वेगळी जातही नोंदवली गेली आहे, त्यामुळे सावंतवाडी-दोडामार्गाच्या दक्षिणेला काही सापडलं तर फोटोवरून निकाल देऊ नका, जाणकाराला दाखवा.

फोडशी खुडताना चुकून दिपकाडी आली आणि भाजीत गेली तर?

आपल्याकडच्या बायका पिढ्यान्पिढ्या फोडशी खुडतात. त्यांची नजर या लिखाणापेक्षा पक्की आहे. चिंता आहे ती रानभाजी महोत्सव बघून हौसेने सड्यावर उतरणाऱ्यांची. नियम सोपा: जमिनीखाली कांदा लागला की ती फोडशी नाही, सोडून द्या. रानातल्या कांद्यांशी खेळू नये. कोळकांद्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. दिपकाडी खाऊन बघण्यासारखी भाजी नाही. कोणी काही खाऊन उलट्या, चक्कर किंवा नाडी मंद झाली तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली भाजी किंवा कांदा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

आमच्या सड्यावर तर शेकड्यांनी फुलते. मग दुर्मिळ कशी?

हा प्रश्न गावातल्या माणसांचा, आणि बरोबर आहे. दुर्मिळ म्हणजे दिसायला कमी, एवढाच अर्थ नाही. एखाद्या सड्यावर ती दाटीने असेलही. पण शेजारचे चार सडे रिकामे असतात आणि कोकणपट्टी सोडून जगात दुसरीकडे ती नाहीच. थोड्या जागांवर गर्दी, बाकी शून्य. अशा वेळी तुमचा एक सडा गेला तर "इथे थोडी कमी झाली" असं होत नाही, तिच्या एकूण संसाराचा एक मोठा तुकडा जातो. ज्याच्याकडे ती भरपूर आहे, त्याच्यावर जबाबदारी जास्त येते.

नेमका धोका कशाचा?

फुलं खुडणाऱ्या पोरांचा नाही, हे आधी सांगून टाकतो. पाट्या लावताना सगळ्यांचा रोख तिकडेच असतो.

पहिला धोका चिरेखाणीचा, म्हणजे जांभ्याचे बांधकामाचे दगड काढणाऱ्या खाणीचा. चिरे काढायचे म्हणजे आधी वरची माती आणि सैल दगड जेसीबीने खरवडून बाजूला टाकायचे. दिपकाडी त्या खरवडलेल्या बोटभर थरातच असते. खाण जानेवारी ते मे चालते, म्हणजे कांदे झोपलेले असताना. खणणाऱ्याला ते दिसतही नाहीत. कोणी मुद्दाम काही मारलं, असं त्याच्या मनातही येत नाही.

दुसरा, कलमांचा. हापूस आणि काजूसाठी सड्यावर खड्डे मारून, खालून माती आणून भरतात. जागोजागी बांध घातले की पाण्याचा सरकता पातळ थर बदलतो: कुठे तुंबतं, कुठे पोचतच नाही. खतं पडली की उंच, दांडगं गवत माजतं आणि सड्यावरच्या बारीक वनस्पती त्याखाली दबतात. आंबा लावणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, पोट त्यावर आहे. पण सगळा सडा एकसारखा नसतो. पाणी सरकतं तो पट्टा सोडून कलमं लावता येतात आणि काही बागायतदार तसं करतातही.

तिसरा, भराव. रस्ता रुंद करणं, प्लॉट पाडणं, क्रिकेटचं मैदान करणं, चारचाकी थेट सड्यावर फिरवणं. पावसात ओल्या मातीवरून एकदा गाडी गेली की चाकोरीतून पाणी पळतं आणि वर्षभरात तिथली माती धुऊन जाते. बोटभर माती साठायला किती काळ गेला असेल याचा हिशेब कोणी करत नाही.

या सगळ्यामागे कागद आहे. सातबाऱ्यावर सडा बहुधा पोटखराबा म्हणून लागलेला असतो: लागवडीला निरुपयोगी, आकारणी नाही. कागदावर जिथे काहीच नाही, तिथे काही गेलं अशी नोंदही होत नाही.

चिरेखाणीच्या खड्ड्यातही पाणी साचतं. तेही पाणथळच झालं ना?

नाही. खाणीचा खड्डा सरळ उभ्या कडांचा आणि खोल. त्यात उथळ काठ नाही, मातीचा पातळ थर नाही, ओल्याकडून कोरड्याकडे जाणारा उतार नाही. दिपकाडीला जी कड लागते तीच तिथे नसते. बेडकांना, पाणकोंबड्यांना थोडा आसरा मिळेल आणि पोरं बुडण्याची भीती मात्र कायमची.

खाण होणारच आहे. मग कांदे काढून दुसरीकडे लावले तर?

सगळ्यात चांगल्या मनाने विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर तरीही बहुतेक वेळा नाहीच. दुसरा सडा दिसायला सारखा असला तरी मातीची जाडी, पाण्याची वाट आणि सोबतच्या वनस्पती वेगळ्या असतात. स्थलांतराचं आश्वासन मिळालं की खाणीला विरोध करणाऱ्यांचं तोंडही बंद होतं, हेही लक्षात घ्या. परवाना हातात आला, जेसीबी दारात उभा आहे, अशी वेळच आली तर वनस्पतीशास्त्रज्ञांना बोलवा. ते बिया आणि काही कांदे वनस्पती उद्यानात नेऊ शकतात. तो शेवटचा उपाय.

घरच्या कुंडीत लावण्यासाठी कांदा उपटणं तर सरळ चोरीच आहे. कुंडीत ती फार दिवस काढत नाही आणि तुमच्या अंगणाचं त्यावाचून अडत नाही.

गणपतीच्या माटवीसाठी, म्हणजे मूर्तीवर बांधतात त्या सजावटीसाठी, सड्यावरून फुलं आणतो. त्यात ही गेली तर?

गणपती येईपर्यंत दिपकाडीचा बहर संपलेला असतो, म्हणून सहसा जात नाही. माटवीला लागणारी कवंडाळ, कांगण्या, शेरवड ही कड्याकपारीतली, झाडीतली. ती आणा. सड्यावरचं काही हवंच असेल तर देठ खुडा, मुळासकट ओढू नका. पातळ मातीत एक झाड ओढलं की शेजारची चार उचकटून येतात.

गुरं चारावीत की नाही? आणि वणवा?

गुरं पिढ्यान्पिढ्या सड्यावर चरत आली आहेत आणि दिपकाडीही तिथेच टिकली आहे. गुरं गवत आखूड ठेवतात. माझं मत विचाराल तर चराई बंद करून कुंपण घालणं हा सड्यावर उलटणारा उपाय आहे: दोन-चार वर्षांत उंच गवत माजेल. फुलांच्या दोन-तीन आठवड्यांपुरती गुरं दाट जागेवरून वळवावीत, एवढं पुरे. गुराख्याला जागा दाखवून ठेवा, तो पाटीपेक्षा चांगली राखण करतो.

वणव्याचं निराळं. कांदा खाली असल्यामुळे एकदा आग फिरली म्हणून तो लगेच मरत नाही. पण दरसाल आग लावली की वाळकं गवत, पाचोळा, मातीत मिसळणारं सगळंच जळून जातं आणि उघडी माती पहिल्या सरीत वाहून जाते. साळिंदर आणि रानडुक्कर कंद उकरतात, त्याबद्दल काही करायची गरज नाही.

कायद्याने संरक्षण आहे का?

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या वनस्पतींच्या यादीत दिपकाडी नाही. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम हंगामी पाणथळीलाही व्याख्येत धरतात, पण खरं संरक्षण मिळतं ते अधिसूचित जागांना. देशाच्या पाणथळ नकाशात २.२५ हेक्टरपेक्षा लहान जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या जातात. सड्यावरची खळगी त्या ठिपक्यांतही क्वचितच बसतात.

हातात येण्यासारखा कायदा म्हणजे २००२ चा जैवविविधता कायदा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची. याच कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातली हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळांची दलदल अशीच जाहीर झाली. जागा जेमतेम काही एकरांची, देवराईतली. म्हणजे लहान जागेलाही हे मिळतं. सड्याच्या एखाद्या तुकड्यासाठी असा प्रस्ताव करायला काहीच हरकत नाही.

म्हणजे ग्रामपंचायतीने नेमकं काय करायचं?

आधी नोंदवही बाहेर काढून बघा. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर २०२० च्या सुमारास बऱ्याच ठिकाणी ती घाईघाईने तयार झाली. त्यात आंबा, काजू, फणस, कोंबडी सापडेल, सडा मात्र बहुधा नसेल. ग्रामसभेत ठराव करून सड्याची नोंद घाला: कोणत्या गटात, कोणत्या महिन्यात, काय काय उगवतं. फोटो जोडा. नेमकी जागा दाखवणारा नकाशा कार्यालयात ठेवा, फलकावर लावू नका.

याचा उपयोग होतो तो गौण खनिजाच्या (इथे चिऱ्याच्या) परवान्याचा अर्ज येतो तेव्हा. "आमच्या गावात फुलं आहेत हो" या तोंडी वाक्याला किंमत नसते. तारीख घातलेला ठराव आणि नोंदवहीचं पान फाइलला लागलं की अधिकाऱ्याला त्यावर काहीतरी लिहावंच लागतं. ठराव झाला की खाण थांबतेच असं नाही. काही वेळा जागा थोडी सरकते, आणि दिपकाडीला तेवढं सरकणंही पुरतं.

ग्रामसभेत फुलापेक्षा विहिरीबद्दल बोला, हा अनुभवाचा सल्ला. सड्यावर मुरणारं पाणीच खालच्या वाडीच्या झऱ्यांना आणि विहिरींना येतं. सडा खरवडला की ते मुरण्याऐवजी वाहून जातं. मे महिन्यात हंडे घेऊन चालणाऱ्या बायकांना हे पटवून सांगावं लागत नाही.

सडा माझ्या मालकीचा आहे. मी काय करू?

बऱ्याच सड्यांचा सातबारा सामाईक असतो, निम्मे हिस्सेदार मुंबईत. कोणीतरी एक जण खाणवाल्याकडून विसार घेऊन मोकळा होतो. म्हणून मेमध्ये किंवा गणपतीत सगळे गावी जमले की बोलून घ्या. पूर्ण सडा राखायला कोणी सांगत नाही. पाण्याच्या कडेचा पट्टा ओळखा, जूनमध्ये त्याच्या कोपऱ्यांना दगड रचून ठेवा. उन्हाळ्यात जेसीबी आलाच तर कुठे जायचं नाही हे त्या दगडांवरून दाखवता येतं.

कातळशिल्पं राखली की फुलंही आपोआप राखली जातील?

निम्मी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली काही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, त्यामुळे त्या सड्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. हे चांगलंच झालं. पण शिल्प मोकळं करताना आजूबाजूची माती आणि गवत खरवडून साफसूफ करायचा उत्साह असतो. श्रमदान करा, पण फावडं शिल्पाच्या रेषेपुरतं. भोवतीची माती तशीच ठेवा आणि चिऱ्यांची भिंत बांधताना पाण्याची वाट अडवू नका.

फोटो काढले. कुठे टाकू?

इन्स्टाग्रामवर सड्याच्या नावासकट टाकू नका. कास पठारावर गर्दी आवरायला ऑनलाइन नोंदणी आणि रोजची मर्यादा लावावी लागली. आपल्या सड्यांवर ना कुंपण, ना रखवालदार. एका रविवारी पन्नास गाड्या आल्या तर आवरणार कोण?

नोंद मात्र जरूर करा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना जागेची गुप्तता "ऑब्स्क्युअर्ड" निवडा. मग नकाशावर २० किलोमीटरच्या आसपासच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो, नेमकी जागा दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर ते फोटोतच साठतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच पोचतं.

ओळखीसाठी असे फोटो हवेत: पूर्ण झाड, दांड्यावरचा तुरा बाजूने, एक फूल अगदी जवळून बाजूने, तेच समोरून, पानांचं बूड आणि आजूबाजूची जागा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून फुलाचं माप काढता येतं. फोटोसाठी आडवं पडायचं असेल तर उघड्या कातळावर पडा, गवतावर नाही.

सड्यावर जाताना काय काळजी घ्यावी?

शेवाळलेला कातळ फार निसरडा असतो, गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. उघड्या सड्यावर तुम्हीच सगळ्यात उंच असता, म्हणून गडगडाट सुरू झाला की खाली उतरायचं, "एवढा एक फोटो" नाही. आणि सडा कोणाचा आहे ते विचारून जा.

खात्री करून घ्यायला कोणाकडे जायचं?

जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतीशास्त्र विभागापासून सुरुवात करा. त्यापुढे कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पुण्यातली आघारकर संशोधन संस्था आणि पुण्यातलंच भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र. फोटो, तारीख, तालुका एवढं पाठवा. नमुना म्हणून झाड उपटून नेऊ नका, गरज वाटली तर ते स्वतः येतील. ते आले तर जुलै संपायच्या आत यायला सांगा, आणि येताना त्यांच्यासोबत तुमच्या ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य असेल असं बघा.